इंग्रजी खून आणि आमचे हवालदार

समोरच्या चाळीतले हवालदार इंग्रजी खुनाचे सिनेमे मन लावून पाहत आणि घरी येऊन त्यांतल्या चुका काढत. इंग्रजी त्यांना चार वाक्यांपलीकडे येत नसे, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नाही. नायगावात पोलिसांच्या आणि आम्हा गिरणी कामगारांच्या चाळी समोरासमोर होत्या. हवालदार गॅलरीत बसून गोष्ट सांगत आणि दोन्हीकडची पोरं ऐकत.

"सायबानं रुमालानं सुरी उचलली, खिशात घातली. पंच कुठं हायत? पहिल्याच तारखेला आरोपी सुटंल." चांगलं असेल ते मात्र मोकळेपणाने मान्य करत. तिथला अधिकारी साक्षीदाराला मारत नाही, एकच प्रश्न चारदा विचारतो, याचं त्यांना फार कौतुक. "आपल्यात एवढा दम कुणाला हाय?" मोठी तक्रार वेगळीच होती. "खुनी घावला की दिवे लागत्यात. मेलेल्याच्या घरी कोण गेलं का?"

हल्ली टीव्हीवर एक इंग्रजी तपासमालिका लागते. कामं उत्तम, कुठे घाई नाही. पण तीन भाग झाले तरी मेलेल्या मुलीच्या आईला कुणी दोन वाक्यं दिलेली नाहीत, आणि आपण अधिकाऱ्याच्या दारूचं दुःख पाहत बसायचं. मी असं म्हटलं की मुलगा विचारतो, "आई, तू कधी पोलिसात होतीस?"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एका मोर्चावर गोळीबार झाला. त्यात आमच्या शेजारच्या भागीमावशींचा मुलगा बाळू गेला. हवालदार त्याच बंदोबस्तावर होते. पोरं दगड मारत होती म्हणून गोळी चालवली, असं वरून सांगण्यात आलं. आमच्याकडच्या बायकांनी पोलिसांच्या बायकांशी बोलणं टाकलं.

बाळूचं तेरावं झाल्यावर हवालदार मावशींकडे आले. गणवेशातच. जिन्यात त्यांनी शिव्या खाल्ल्या, कुणी अंगावर थुंकलं. मी आणि आई मावशींजवळच बसलो होतो. मावशींनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"हवालदारांनू, माझ्या झिलाच्या हातात काय होतां?"

"काय नव्हतं, वैनी. पाठ करून पळत हुता. गोळी आमच्याच लोकांची."

दारातल्या बायका पुढे सरकल्या.

"ह्यां साहेबासमोर सांगशात?"

"न्हाई. तीन पोरी हायत. खोली सरकारी हाय."

आई तिरमिरीत उठली. मावशींनी तिला हात धरून खाली बसवलं.

माझ्या मते ते भित्रे होते. पण सबंध खात्यातून त्या घरी आले ते एकटेच. इतकी वर्षं झाली, या दोन गोष्टींचा हिशेब मला लावता आलेला नाही.

त्यानंतर गॅलरीत गोष्ट झाली नाही. निवृत्त होऊन ते साताऱ्याकडच्या गावी निघाले तेव्हा आमच्यातलं कुणी खाली उतरलं नाही. मावशी कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही. लॉरी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आतही गेल्या नाहीत.