सागाच्या अठ्ठेचाळीस बाटल्या

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना चिमटाबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. दिवसाचे सहा तास हातात चिमटा, आणि उरलेल्या वेळात जिभेने काढलेले चिमटे. दुसरं नाव शोभलंही नसतं.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या इथे बाटल्या धुवायला आल्या होत्या. धुता धुता भरायला शिकल्या, मग पंख्याची स्वच्छ हवा सोडणाऱ्या काचेच्या पेटीपुढे बसून कापायला. सागाच्या कोंबाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा कापायचा, ज्योतीवर धरून निववलेल्या चिमट्याने उचलायचा, नव्या बाटलीत नीट उभा करायचा आणि झाकण लावायचं. एका तुकड्याचे चार आठवड्यांत तीन-चार होतात, मग पुन्हा कापायचं. दिवसाला तीनशे बाटल्या, आणि त्यांच्या हातच्या शंभरात दोनसुद्धा नासत नसत. हे त्या स्वतःच सांगत, कुणी विचारण्याची वाट न बघता.

घरी नवरा सुतार. "मी झाडं वाढवते आणि हे कापतात, असा आमचा संसार," असं त्या म्हणत. त्यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं असे: "तुझा साग माझ्या रंध्याखाली यायला पन्नास वर्षं. तोवर आपण दोघं भिंतीवरच्या फोटोत."

त्या वर्षी प्रयोगशाळेत एक म्हातारा साग आला. म्हणजे त्याच्या फांद्या आल्या. लाकडाच्या वखारीमागे तो कुणी लावल्याचं कुणालाच आठवत नव्हतं; सहा माणसं उंच खोड, मध्ये एक फांदी नाही, आणि वाळवीने शेजारची कुंपणं खाल्ली तरी त्याला तोंड लावलं नव्हतं. रस्ता रुंद करायचा म्हणून त्यावर खडूची फुली पडली. तोडायच्या आधी मॅडम स्वतः जाऊन फांद्या घेऊन आल्या. या मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख, चिमटाबाईंच्या लेकीच्या वयाच्या, पण कामात खमक्या. फांद्यांचे डोळे फुटले, कोंब बाटल्यांत गेले, आणि तिकडे झाड आडवं झालं. बुंधाही उपटला. त्याच्या जागेवरून आता ट्रक जातात. तो साग जो काही उरला होता, तो बाटल्यांत होता.

आणि बाटल्या नासायला लागल्या. म्हाताऱ्या झाडाचं दुखणं असं की जंतू सालीवर नसतात, आत असतात. वरून कितीही धुवा. कोंबाच्या बुडाशी मीडियात, म्हणजे कोंब ज्यावर जगतो त्या थिजवलेल्या खाद्यात, दुधाळ कडं धरायचं आणि आठवड्याभरात कोंब काळा पडायचा. तेव्हा मॅडमनी मीडियात प्रतिजैविक घालायचं ठरवलं, माणसांना टोचतात त्याच जातीचं. कडी गेली. दोन महिने एकूण एक बाटली आरशासारखी स्वच्छ. मॅडमनी वर कळवूनही टाकलं की झाड वाचलं.

या औषधाचा नियम एकच. साखर, क्षार आणि थिजवायला अगार घालून मीडिया शिजतो तो मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात. तो बाहेर काढून कोमट होऊ द्यायचा, आणि मग औषध घालायचं. गरमात घातलं तर औषध मरतं, आणि मेल्याचं कुणाला कळत नाही. रंग तोच, वास तोच. थर्मामीटर होता, पण चिमटाबाई चंबू मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघत. "माझी पोरगी काय थर्मामीटर लावून दूध प्यायली?" असं त्यांचं म्हणणं, आणि एकोणीस वर्षांत मनगट कधी चुकलं नव्हतं.

पण औषध घातलेल्या मीडियाच्या तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी वाफेने तेच मनगट पोळलं. मलमपट्टी बांधून त्या कामावर आल्या. दुसऱ्या दिवशी चंबू टेकवला तो पट्टीवर. गरम लागलं नाही. औषध घातलं, अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. एरवी पंधरा मिनिटांत थिजणारा मीडिया तासभर पातळच राहिला. बाईंनी ते पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणाल्या, आज उकाडा आहे. उकाडा नव्हता.

दहा दिवसांनी त्या अठ्ठेचाळिसांपैकी पंचेचाळीस बाटल्यांत दुधाळ कडं आलं.

मॅडमनी मांडणीवरच्या बाटल्या एकेक करून उजेडाला धरल्या. मग म्हणाल्या, "जंतू औषधाला सरावले, काकू. या पंचेचाळीस टाकून द्या. उद्यापासून आधीच्या दीडशेसकट सगळ्याच बाटल्यांना दुप्पट डोस, आणि जोडीला दुसरं औषधही."

दुप्पट डोस चिमटाबाईंनी एकदा शिसवीवर पाहिला होता. कोंब पांढरेफटक पडले, मुळं फुटलीच नाहीत, महिन्याभरात सगळा कचरा. शिसवीची दुसरी झाडं होती, पुन्हा फांद्या आणल्या. इथे आणायच्या कुठून?

त्या रात्री त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कुणाला कळणार आहे?"

"तेच तर. कुणालाच नाही," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

सकाळी मॅडम डोस तोलत होत्या. चिमटाबाई दारात उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलल्या, नाहीतर बोलणं झालंच नसतं. "मॅडम, औषधाची चूक नाही, माझी आहे. मी ते गरम मीडियात घातलं. मीडिया थिजत नव्हता तेव्हाच मला कळलं होतं. मी गप्प बसले."

मॅडमनी तराजू बंद केला. "दहा दिवस?"

"दहा दिवस."

"तुम्ही?" एवढंच विचारलं त्यांनी. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

मग मॅडम खुर्चीवर बसल्या, कपाळाला हात लावून. म्हणाल्या, "म्हणजे औषधाने जंतू मेलेच नव्हते, नुसते दबले होते. औषध काढलं की पुन्हा वर. मी मात्र झाड वाचलं म्हणून कळवून बसले." ही चूक तर बाईंच्या चुकीपेक्षा मोठी होती, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नाही एवढं चिमटाबाईंनाही समजत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हाताशी आलेला चिमटा सोडून दिला.

एकाएकी मॅडम उठल्या. "काकू, अठ्ठेचाळिसातल्या तीन राहिल्यात ना? औषधाशिवाय?"

राहिल्या होत्या. वरच्या फळीवर, पाण्यासारख्या स्वच्छ. मॅडमनी तिन्ही कोंबांच्या बुडाची पातळ चकती काढून जंतू वाढवायच्या रश्शात टाकली. तीन आठवडे दोघी रोज सकाळी, चहाच्या आधी, त्या नळ्या उजेडाला धरून बघत होत्या. रस्सा गढूळ झाला नाही, म्हणजे आत जंतू नव्हतेच. औषधाच्या दीडशे स्वच्छ बाटल्यांतून दहा नमुने काढून तसेच तपासले, ते दहाही गढूळ झाले. आता सगळा साग त्या तीन बाटल्यांत होता.

मॅडमनी चिमटाबाईंना बोलावलं. "महिनाभर तुम्ही मीडिया बनवायचा नाही. नवी मुलगी बनवेल, थर्मामीटर लावून."

"बरं," बाई म्हणाल्या. लागलं त्यांना, फार लागलं.

"आणि ह्या तिन्ही तुम्हीच कापायच्या. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

बाई पेटीपुढे बसल्या आणि चिमटा ज्योतीवर धरला. तो निवल्यासारखा वाटला, तरी त्यांनी तो पुन्हा ज्योतीवर धरला आणि निवेपर्यंत मनात साठ आकडे मोजले. मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी घाई केली नाही. मग बाईंनी पहिल्या बाटलीचं झाकण काढलं, आणि दुपारपर्यंत त्या तीन कोंबांचे अकरा केले.