चुकलेल्या मालाचे मामा

अंबादासमामा गेल्याचा फोन मामीनंच केला. "तुझे मामा गेले रे," म्हणाली, खूप रडली, आणि नाक पुसून त्याच दमात म्हणाली, "आता ती बाहेरची खोली रिकामी करायची."

शुक्रवार पेठेतल्या घराची बाहेरची खोली म्हणजे मामांचं संग्रहालय. चादरीच्या कारखान्यात मामा माल तपासायचे. दिवसभर चुकलेले नग बाजूला काढायचे आणि त्यातलाच एखादा कौतुकानं घरी आणायचे. पुढं बाजारातल्या चुकलेल्या वस्तूही आणायला लागले. दोन डोक्यांचा मोर विणलेली चादर, उलटं चालणारं घड्याळ, ठेवला की लवंडणारा तांब्या... तिकीट नव्हतं, पण सगळं बघितल्याशिवाय सुटकाही नव्हती. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही मामांनी तासभर धरून ठेवलं होतं. मामी आतून ओरडायची, "सोडा की त्या बिचाऱ्याला!"

संग्रहालयाची शान होती एक स्टीलचा डबा. मामांनी तो कुणाच्या तरी लग्नात नाव घालून आहेर केला होता. आता आलेला आहेर माळ्यावर पडतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात जातो, हे काय सांगायला हवं? तो डबा फिरत फिरत मामांच्याच मुलीच्या लग्नात आला. अंगावर चार घरांची नावं, सगळ्यांत वर मामांचं! मामी संतापानं लाल झाली. मामा मात्र हरखले. "लई फिरून आलंय लेकरू. आता कुटं पाठवायचं न्हाई."

म्हणून मामांचे दिवस झाल्यावर मामीनं भंगारवाल्याला बोलावलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण तिच्यापुढं बोलणार कोण? त्यानं पहिल्यांदा तांब्याच उचलला.

"थांब," मामी म्हणाली. "आधी बघ तरी काय हाय ते."

आणि सुरू झाली. तांब्या का लवंडतो, मोर कुणाच्या डुलकीमुळं चुकला, डबा कुणाकुणाच्या घरी राहून आला... शब्द मामांचे, हशासाठी थांबायच्या जागाही त्यांच्याच. मी तोंडावर रुमाल धरला. हसतोय की रडतोय, माझं मलाच कळेना. भंगारवाला उठायला लागला.

"मावशी, माल द्यायचा हाय का न्हाई?"

"बस की. अजून निम्मं बी झालं न्हाई."

शेवटी तो रिकाम्या हातानं सुटला. मामी त्याच्या मागोमाग गाड्यापर्यंत गेली, आणि परत आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. किटली होती. तोटी आणि मूठ दोन्ही एकाच बाजूला. मामीनं ती पदरानं पुसली, उजेडात धरून बराच वेळ बघितली.

"असली ह्यांच्याकडं न्हवती," ती म्हणाली.