खळ्यातला तारेचा खांब

इंटरनेटच्या काचेच्या तारेसाठी दारात चर खणताहेत. उकरलेल्या मातीच्या वासानं लहानपणीचं, सोनाळा गावातलं आमचं खळं आठवलं. गावात टेलिफोनची पहिली तार येत होती, खांब नेमका आमच्या खळ्यात. बापानं त्याचीच मळणीची मेढ केली, भोवती फिरणारे बैल त्यालाच बांधले, हाकायला मी. वर तार ताणणारा ओरडला, "अबे, बैल सोड, तार तुटन!" "खळं माह्यं हाय!" बाप गरजला. बैल बिथरले, खांब हलला, तार तुटून चाबकासारखी आली अन् माझा कान भुशात पडला. तारवाला उतरून पागोट्यानं माझं डोकं बांधत होता. बाप माझीच बैल हाकायची पराणी हिसकावून त्याला झोडपत होता. आज मला लांब उभा पाहून खणणारा म्हणाला, "बाबा, भेऊ नका, आता तार जमिनीखालून जाऊन राह्यली." मी उरलेल्या कानानं ऐकून घेतलं.