नाहीच्या रकान्यातला मामा

माझी आई घरोघर फिरून पाहणी करते. पाहणी साबणाची असो की मतदानाची, ती माणसाकडून उत्तर काढतेच. यंदा तिच्या संस्थेला स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, आणि स्वमग्न नसलेल्या प्रौढांची तुलना करायची होती: वय, शिक्षण, नोकरी, लग्न. स्वमग्न माणसं संगणकावरचा फॉर्म भरून आपणहून आली. नसलेली मात्र आईला शोधावी लागली, आणि ती तिने आमच्याच नात्यागोत्यातून गोळा केली. साहजिकच त्या गटात सगळे विवाहित, वयस्क आणि गुडघेदुखीवाले निघाले. संस्थेच्या साहेबांना त्यात मोठा निष्कर्ष दिसला.

शेवटी एक माणूस कमी पडला, तेव्हा तिने धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, खुर्चीत बसवलं. मामा चौपन्न वर्षांचा, आमच्याकडेच राहतो. शिंप्याच्या दुकानात काजं करतो, आणि घरात पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसतो. माझ्या मावश्या त्याला विक्षिप्त म्हणतात. त्या स्वतः एकमेकींशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण त्या नॉर्मल.

"समारंभांना जाता का?" आईने वाचलं.

"तू नेतेस म्हणून जातो. नंतर दोन दिवस डोकं दुखतं."

"तुम्ही स्वमग्न आहात का?" विचारता विचारताच 'नाही'वर खूण करून ती मोकळी झाली.

"ताई, मी आहे," मामा म्हणाला. "मी वाचलंय त्याबद्दल. मला तिकडे घाल."

"काहीतरीच काय. डॉक्टरांचा कागद आहे का तुझ्याकडे?"

"लहानपणी नेलं असतंत तर असता."

"हे बघ, पोरीचं लग्न जमायचंय," आई म्हणाली. हा आमच्या घरातला हुकमाचा पत्ता. खूण तशीच राहिली, तीही माझ्या लग्नाच्या नावाखाली, याचा मला अजून संताप येतो.

अहवाल छापून आला. आईने तो चहाच्या वेळी कौतुकाने मोठ्याने वाचला. "स्वमग्न प्रौढ प्रामुख्याने तरुण आणि उच्चशिक्षित आहेत. पन्नाशीनंतर स्वमग्नता जवळपास आढळत नाही."

मामाने कप खाली ठेवला.

"म्हणजे मी बरा झालो?"

मामाला टोमणे मारता येत नाहीत. तो खरंच विचारत होता. "मग डोकं का दुखतं अजून?"

आईने अहवाल मिटून बाजूला ठेवला.

"तू आहेस रे," ती म्हणाली. "तू शाळेत जायला लागलास ना, तेव्हापासून मला कळत होतं."