टोकाच्या खोलीतले वीस ओहम

गल्लीत त्याला सगळे मीटरमामा म्हणत. त्याच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. गळ्यात सदानकदा वीज मोजायचा मल्टीमीटर लोंबकळत असायचा. अंघोळीला तरी काढता का हो, असं बायको विचारायची आणि हा पठ्ठ्या खरोखर विचारात पडायचा. जिन्याखाली त्याचं दुकान. हीटरच्या कॉइल बसवायच्या, जळलेल्या बदलायच्या, हा त्याचा धंदा.

त्या गल्लीत वीज म्हणायची ती नुसती नावाला. गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर होता, तिथल्या घरांत त्यातल्या त्यात बरी. जसजसं आत जावं तसतसं व्होल्टेज गळत जायचं. अर्ज करून करून लोकांचे हात दुखले, पण वीज कचेरी ढिम्म हलेना. मग काय, लोक मामाकडे आले. मामा घरी येऊन मोजमाप करायचा आणि कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना शिकवायचा. "हे बघा, व्होल्टला अँपिअरने, म्हणजे करंटने, भागलं की ओहम, म्हणजे तारेचा रोध. आणि गुणलं की वॅट, म्हणजे उष्णता. तुमच्याकडे व्होल्ट कमी येतात ना? मग आपण तार आखूड करू. रोध कमी झाला की करंट वाढतो आणि खोली गरम होते. समजलं?"

"समजलं हो मामा. पण देणार कधी?"

गल्लीच्या शेवटच्या खोलीत त्याची थोरली बहीण राहायची, आक्का. आई गेली तेव्हा मामा रांगत होता. आक्कानेच त्याला लहानाचं मोठं केलं, आणि त्या नादात तिचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. आता संधिवाताने तिला खाटेला खिळवलं होतं. थंडीत पाय बर्फासारखे पडायचे. "हे माझे पाय नव्हेतच रे, कुणाचे तरी आणून लावलेत," म्हणायची. माझ्याकडे राहायला चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तुझी बायको चांगली आहे. तिला चांगलीच राहू दे."

तिच्या खोलीत जेमतेम एकशेवीस व्होल्ट यायचे. मामाने कॉइल तोडत तोडत पार वीस ओहमवर आणली. एकशेवीसला वीसने भागलं, सहा अँपिअर. एकशेवीसला सहाने गुणलं, सातशेवीस वॅट. एवढी आखूड कॉइल गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. हीटर त्याने खाटेला चिकटवून ठेवला, तरी आक्काचे पाय गारच. त्या पायांकडे बघितलं की मामाचा जीव तुटायचा.

आणि ऐन थंडीत वीज कचेरीला एकदाची जाग आली. सकाळपासून वीज बंद होती. लाइनमन दुकानापाशी थांबून म्हणाला, "मामा, दुपारी नवा ट्रान्सफॉर्मर चालू होतोय. आता दोनशेचाळीस व्होल्ट! करा चैन."

चैन कसली! मामाने आखूड केलेल्या कॉइली घराघरांत बसल्या होत्या. व्होल्ट दुप्पट झाले की त्याच तारेतून करंटही दुप्पट जाणार, म्हणजे उष्णता चौपट. तो तसाच उठला आणि तोंडाच्या घरापासून हीटरच्या पिना काढत निघाला. तोंडापासूनच का? तर जन्मभर त्याने हेच पाहिलं होतं की पूर्ण व्होल्ट आधी तोंडाच्या घरांना मिळतात आणि टोकाला उरलंसुरलं पोचतं. आक्काच्या खोलीला धोका सगळ्यात कमी, असा त्याचा हिशोब. तिच्याकडे फोनही नव्हता, शेवटी जाऊच म्हणाला.

आणि लोक तरी कसले! गल्लीच्या तोंडाशीच शिंपीणबाई दारात आडव्या आल्या. "आता कुठे ऊब मिळायची वेळ आली, तर तुम्ही पीन काढता? वा रे वा!" जीव वाचवायला आलेल्या माणसाशी भाजीवाल्याशी घालावी तशी हुज्जत! ती चालू असतानाच दिवा लख्ख पेटला. मामाने झटकन हीटरची पीन उपटली आणि त्या सॉकेटमध्ये मीटर लावला. दोनशेदहा.

दोनशेदहाच? इथे, तोंडाशी? मग बाकीचे तीस कुठे गळाले?

तो रस्त्यावर येऊन लाइनमनवर ओरडला, "ट्रान्सफॉर्मर बसवलाय कुठे?"

"मागच्या रस्त्याला. आता वीज शेवटच्या घराकडून इकडे येते, मामा."

मामा आक्काच्या खोलीकडे धावत सुटला. दोनशेचाळीसला वीसने भागलं, बारा अँपिअर. दोनशेचाळीस गुणिले बारा, दोन हजार आठशेऐंशी वॅट. तेही दिव्याच्या बारीक वायरवर, खाटेवरच्या रजईला खेटून. धावताना तो मोठमोठ्याने तेच आकडे बडबडत होता. समोरून येणाऱ्यांना वाटलं, ह्याला वेड लागलं.

वीज येईल तेव्हा खोली आपोआप तापावी म्हणून आक्काने सकाळपासून बटण चालूच ठेवलं होतं. दारातून धूर येत होता. मामाने फ्यूज ओढला, जळती रजई हातानेच फेकली आणि तिला उचलून बाहेर आणलं. पण उशीर झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. शेजारी मामाला समजावत होते, चूक कचेरीची आहे, त्यांनी आधी दवंडी द्यायला हवी होती, तू तारेचं कशाला कुणाला सांगतोस. मामाने कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. हाताला पट्ट्या बांधून तो खाटेपाशी बसून राहिला.

आक्काने डोळे उघडले. "काय झालं रे?"

"आक्का, मी तार फार आखूड ठेवली."

"का रे?"

"तुझे पाय गरम व्हावेत म्हणून."

"झाले हो," आक्का म्हणाली. "आज झाले."

संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.