हातावर पैसे ठेवायची रीत

देणारे जगात पुष्कळ झाले, पण दुसऱ्याच्या हातावर पैसे ठेवावेत ते आमच्या पोस्टमनकाकांनीच. कर्णाला सारे दानशूर म्हणतात. पण मागायला आलेल्याला त्याने आधी बसायला सांगितलं, पाणी विचारलं, असं माझ्या तरी वाचनात नाही. काका हे सगळं करत, आणि तेही दुसऱ्याचे पैसे पोचवताना. मनीऑर्डर घेऊन आले की ते दारातून कधी ओरडत नसत. आत येऊन ओट्यावर टेकत, घरच्या बाईलाही बसायला लावत, तांब्याभर पाणी पीत, आणि मग निफाडला त्यांच्या भावाच्या द्राक्षबागेवर थंडीने काय संकट आणलंय ते सविस्तर सांगत. बाईचा जीव टांगणीला लागलेला असे. बागेचं एकदा निभावलं की काका नोटा मोजून तिच्या हातावर ठेवत आणि लगेच मान वळवून रस्त्याकडे पाहत बसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "घेताना माणूस लाजतं, सर. आपण कशाला बघायचं?"

ज्याचं नाव त्याच्याच हातात पैसे, हा त्यांचा दुसरा हट्ट. आमच्या गल्लीतल्या एका सुनेच्या नावे तिच्या भावाने पैसे पाठवले होते. सासूबाई हात पुढे करून उभ्याच होत्या. काका म्हणाले, "सही त्यांची लागंल, आजी," आणि सून मळ्यात कामाला गेली होती तिकडे सायकल हाणली. त्या दिवशी निम्म्या कॉलनीचं टपाल दिवेलागणीला पोचलं. पोस्टमास्तरांनी त्यांना मेमो काढला. काकांनी तो स्वतःच्याच पिशवीत टाकला, आपल्या घरी नेला आणि रीतसर स्वतःला पोचवला, असं म्हणतात. हे मी पाहिलेलं नाही, पण काकांना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही.

अपुऱ्या पत्त्यांवर त्यांचा भारी राग असे. आमच्या मैदानाच्या भिंतीलगत, कोपऱ्यातल्या पिंपळापासून पुढे, दर हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरची दुकानं थाटत. देश सोडून आलेली ही माणसं. मुलंबाळं, म्हातारे कर्नाटकातल्या वसाहतीत, आणि ही थंडीचे दोन-तीन महिने नाशकात. त्यांना पत्र यायचं ते 'डोल्मा, स्वेटरवाली, नाशिक' एवढ्याच पत्त्यावर. काका पत्र पोचवत आणि वर डोल्माला झापत. शेवटी एकदा त्यांनी खडू घेतला आणि भिंतीवर सगळ्यांचे पत्ते लिहून टाकले. 'पिंपळाखालून पहिली', 'पिंपळाखालून दुसरी' असे. पुढच्या वर्षी वसाहतीतून खरोखरच 'पिंपळाखालून तिसरी, नाशिक' अशी पत्रं येऊ लागली. काकांच्या चेहऱ्यावर आठवडाभर नवं पोस्ट ऑफिस उघडल्याचा आनंद होता. डोल्मा घरी पैसे पाठवायची तेव्हा फॉर्मही काकाच भरून देत.

रांगेच्या टोकाला सरूबाईंची फुलांची टपरी होती. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू-शेवंती आणायच्या आणि तिथेच बसून हार करायच्या. त्यांचा स्वेटरवाल्यांवर दात होता. "थंडी आली का ह्ये येत्यात अन् मला टोकाला ढकलत्यात," असं त्या दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी डोल्माकडून सकाळचा चहाही पीत.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मार्गशीर्षातल्या एका दुपारी विजेच्या तारेतून ठिणगी पडली आणि लोकरीची ती रांग तासाभरात जळून गेली. माणसं वाचली. निम्मा माल भाड्याच्या खोलीत होता, तोही वाचला. बांबू, ताडपत्र्या, फळ्या आणि बाकीचा माल मात्र राख झाला, आणि सरूबाईंची टपरीही. हंगाम उरला होता संक्रांतीपर्यंतचा. तेवढ्यात पुन्हा उभं राहता आलं नाही तर या लोकांचं अख्खं वर्ष जाणार, हे कुणीही सांगितलं असतं.

आमची कॉलनी मदतीला धावली. समिती झाली. अक्षर चांगलं म्हणून मी शाळामास्तर तिचा चिटणीस झालो. 'तिबेटी बांधवांना मदत' असा फलक लागला आणि सभागृहात जुन्या कपड्यांचा ढीग पडला. त्यात निम्मे स्वेटर होते! स्वेटरवाल्यांना जुने स्वेटर देताना कुणालाच काही वाटलं नाही. डोल्माने एक मरून स्वेटर उचलला, उलटून पाहिला आणि आमच्या अध्यक्षांना म्हणाली, "साहेब, ये तो मेराच है. तीन साल पहले तुम्ही नेला. लई भाव केला होता." अध्यक्षांना अचानक खोकला आला.

तेव्हा मागच्या बाकावरून काका उठले. "पैसं द्या. काय आणायचं ते त्यांचं त्यांना कळतं."

"पैसे दिले आणि कशावरही उडवले तर?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमचा पगार कशावर उडतो ते कुणी इचारलं का कधी? आणि सरूबाईला पण द्या. आगीनं काय फलक वाचला होता?"

सभेत हशा पिकला आणि काकांचं म्हणणं पास झालं. मात्र दोन हप्त्यांत. पहिला आता, दुसरा आठवड्याने. पहिला हप्ता काकांनी आपल्या रीतीने वाटला. आगीने काळ्या पडलेल्या भिंतीसमोर प्रत्येकाजवळ मांडी घालून बसले. द्राक्षबागेची हकीकत एका दुपारी अकरा वेळा ऐकून सरूबाईंना ती पाठ झाली.

दुसऱ्या हप्त्याच्या सभेत माझ्या हातून ते घडलं. अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी वही उघडली आणि डोल्माला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "पहिल्या पैशाचं काय केलंत?"

ती म्हणाली, "आरसा घेतला."

"आरसा? घरात धान्य नाही आणि आरसा?" असं कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मीही हसलो. ते हसू आजही मला खुपतं. डोल्माने कुणाकडे पाहिलं नाही. शाल सारखी करून ती निघून गेली आणि तिच्यामागे बाकीचेही गेले.

काका दुसऱ्या दिवशी पैशांची पाकिटं घेऊन गेले आणि तशीच परत घेऊन आले. प्रत्येकावर त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'घेण्यास नकार'. सरूबाईंच्या पाकिटावरसुद्धा. त्या म्हणाल्या होत्या, "त्या घेईनात, तर म्या बी नाय घेत." काकांनी पाकिटं माझ्या टेबलावर ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसत होते.

"सर, इतकी वर्षं पैसं वाटलं. कुणाच्या दारात दारुडा होता, कुणाच्या घरात जुगारी. पण एका बाईला असं चारचौघांत उभं नाय केलं मी."

रात्रभर मला ते वाक्य सोडेना. सकाळी मी काकांना म्हणालो, चला, मी येतो. पाकिटं घेऊन, सायकल हातात धरून आम्ही दोघे चालत गेलो. डोल्माने वाचलेला माल दोरीवर टांगला होता. वर ताडपत्री नव्हती. पण भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा टेकवला होता आणि त्याच्यासमोर कॉलेजातली एक मुलगी निळा स्वेटर घालून पुढून-मागून स्वतःला बघत होती. तिने तो घेतला. मग तिच्या मैत्रिणीनेही एक घेतला. शिकवायचा धंदा माझा, पण आरशाशिवाय स्वेटर खपत नाही ही साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली.

मी डोल्माला म्हणालो, "माझं चुकलं. मी विचारायला नको होतं."

तिने एक खोकं पुसून पुढे सरकवलं. "बसा, सरजी," म्हणाली. मी बसलो. चहा आला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी शाळेतल्या गळक्या छपराबद्दल बोललो. मग पाकीट तिच्या हातावर ठेवलं आणि रस्त्याकडे पाहू लागलो. शेजारी काकाही रस्त्याकडेच पाहत होते. दोन मिनिटांनी सरूबाईंचा आवाज आला, "माझं कुठंय मग?"

परतताना मी म्हणालो, "काका, फार चुकलो मी."

"चुकलाच," काका म्हणाले. "पण सोता आलात, ते बरं केलं." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

काका पुढे निवृत्त झाले आणि काही वर्षांनी एका उन्हाळ्यात गेले. तेव्हा स्वेटरवाले इथे नव्हते. दिवाळीनंतर ते आले आणि डोल्माने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकाजी नहीं दिखे?" सांगायचं माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. अशा दिवशीच त्यांचा खरा धंदा. गिऱ्हाइकं भिंतीपाशी येऊन परत जात होती, आणि अख्खी रांग बंद होती. पिंपळापासून टोकापर्यंत, सरूबाईंची टपरीसुद्धा. दुपारी कधीतरी ताडपत्र्या वर गेल्या. मी तिथूनच जात होतो. हंगामातला असा अर्धा दिवस यांना कसा परवडला, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.