पाटावरचं पिस्तूल

आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला फॉर्मची भीती वाटते. मला अजून वाटते. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात पोर्टर म्हणून लागलो तेव्हा सुट्टीचा अर्ज भरतानाही हात थरथरायचा. ज्याच्या हातात तो द्यायचा त्याला मी दोनदोनदा थँक्यू म्हणायचो. इथे येऊ दिलं, काम दिलं, याबद्दल नक्की कुणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच मानायचो.

तोच हात पिस्तूल धरल्यावर थरथरत नाही, हे ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात कळलं. आमच्या हॉस्पिटलच्या बॉयलर-रूममधला म्हातारा मला त्याच्या क्लबात घेऊन गेला. बंद कारखान्याचं तळघर, पलीकडच्या टोकाला दिव्याखाली कागदी टार्गेट्स. पॉइंट टू-टूची बारकी गोळी, आवाज पाटी आपटल्यासारखा. पहिल्याच दिवशी पाचपैकी तीन टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या. म्हातारा म्हणाला, "इतकी वर्षं ट्रॉल्या ढकलतोयस, खांदा तयार आहे तुझा."

सहा महिने क्लबचं पिस्तूल वापरलं. मग स्वतःचं हवंसं वाटायला लागलं.

दुकानात काचेखाली एक चकचकीत अमेरिकन पिस्तूल होतं, दहा गोळ्यांचं. हातात घेतलं आणि शहाणपणा करून रिकाम्याचाच चाप ओढला. दुकानदारानं ते झडप घालून काढून घेतलं. या जातीच्या गोळीची दारू पेटते ती तळाच्या कडेवर. आत गोळी नसली की चाप ओढल्यावर सुटणारी टाचणी सरळ नळीच्या काठावर आपटते आणि काठ चेपतो. मी इतक्या वेळा सॉरी म्हटलं की त्यालाच लाज वाटली.

बाहेर आल्यावर म्हातारा म्हणाला, "ते नको घेऊस. स्वस्तातली गोळी त्यात अडकते, आणि तू स्वस्तातलीच घेणार."

"पण दहा गोळ्या आहेत ना."

"म्हणजे दहा वेळा चुकशील. माझं जुनं घे."

त्याचं जुनं म्हणजे लांब नळीचं, एका वेळी एकच गोळी घेणारं, कुरूप पिस्तूल. मूठ एकदा फुटली होती, ती त्यानंच लाकडाचा तुकडा बसवून तासली होती. दोन दुकानं आणखी फिरलो, चार पिस्तुलं हातात घेऊन पाहिली. एकाची मूठ जाड, माझं बोट चापापर्यंत पोचेना. एकाचं वजन सगळं पुढे. शेवटी म्हाताऱ्याचंच बरं वाटलं. हात लांब केला की ते आपोआप समोर बघायचं.

पण आधी पोलिसांचं सर्टिफिकेट, आणि त्या फॉर्मवर ओळखीच्या प्रतिष्ठित माणसाची सही. मला ओळखणारा प्रतिष्ठित माणूस म्हणजे आमचे डॉक्टर. आमच्याच हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर, आणि मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या-टेबलं मीच लावायचो.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी फॉर्म लांब धरून वाचला.

"पिस्तूल? अरे, तुला कशाला हवीत ही थेरं?"

"क्लबात नेम मारायला, डॉक्टरसाहेब. नुसता कागदावर."

"उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील. आपण इथे पाहुणे आहोत. त्यापेक्षा कॅरम खेळ." मग आत हाक मारली, "अगं, याला चहा दे." आणि मला, "पुढच्या शनिवारी हॉल लवकर उघडायचाय हं, विसरू नकोस."

सही हॉस्पिटलच्या पाद्रीबाबांनी केली. मी ख्रिश्चन नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "रागावर ताबा आहे ना?" मी मान डोलावली. राग येणं मला परवडतच नव्हतं.

पोलीस घरी आला, कोटांच्या मागे भिंतीला बोल्ट केलेली लोखंडी पेटी हलवून पाहून गेला. सर्टिफिकेट आलं. त्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं. मी काही न चुकता मिळवलेला तो पहिला कागद. पिस्तूल पेटी ते क्लबची रेंज आणि रेंज ते पेटी, एवढंच न्यायचं, असं त्यावर लिहिलं होतं, आणि तीन वर्षं मी तसंच केलं.

मग एका दसऱ्याच्या आधी डॉक्टरांचा फोन आला. मला त्यांचा पहिलाच.

"अरे, दरवर्षी शस्त्रपूजेला आम्ही स्टेथोस्कोप आणि भाजीच्या सुऱ्या मांडतो. पोरं हसतात. तुझं ते आण की. खरंखुरं शस्त्र!"

"न्यायची परवानगी नाही, साहेब."

"रिकामं आण रे. पूजाच करायचीय, लढाई नाही. मी आहे ना."

मी आहे ना. एवढ्यावर मी विरघळलो. खुर्च्या लावणाऱ्याला पूजेच्या पाटावर जागा मिळत होती. रिकामं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून शाळेच्या हॉलवर नेलं. डॉक्टरांच्या मिसेसनी त्याला हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "हा आपला नेमबाज." इथल्या साप्ताहिकाच्या फोटोग्राफरलाही त्यांनीच बोलावलं होतं. रंगीत साड्यांचा फोटो हवा होता त्याला.

छापून आलेल्या फोटोत साड्या होत्या. पुढे पाट होता.

आठवड्याच्या आत पोलिसांनी दोघांनाही बोलावलं, मला परवानाधारक म्हणून, डॉक्टरांना मंडळाचे अध्यक्ष म्हणून. इन्स्पेक्टर सभ्य होता. त्यानं मला विचारलं, "हे तिथे आणायला तुला कुणी सांगितलं का? सांगितलं असेल तर तसा विचार करता येईल."

मी तोंड उघडायच्या आत डॉक्टर मराठीत, हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "'माझी चूक झाली' म्हण. पुढचं मी बघतो." आणि इंग्रजीत इन्स्पेक्टरला, "घाबरलाय, त्याला धीर देतोय. फार शिकलेला नाही."

मी माझी चूक झाली म्हणालो. डॉक्टर म्हणाले, मंडळाला याची कल्पना नव्हती.

खटला झाला नाही. सर्टिफिकेट रद्द झालं, क्लबातून नाव गेलं. पिस्तूल म्हाताऱ्यानं परत आपल्या परवान्यावर घेतलं. चापाजवळच्या खाचेत कुंकू राहून तिथे गंज धरला होता. तो तेलाच्या चिंधीनं पुसत म्हणाला, "हे लाल काय आहे?" मी सगळं सांगितलं.

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"मोठा माणूस आहे तो आमच्यातला."

त्यानं पुन्हा चिंधी घेतली.

पुढचं कुणी पाहिलं नाही. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये दिसले की घड्याळ बघायचे. मंडळात मी खुर्च्या लावत राहिलो. नाही लावल्या असत्या तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय, आणि त्याचीही मला भीती वाटायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरकारनं सगळ्याच पिस्तुलांवर बंदी आणली. एव्हाना रिटायर झालेला म्हातारा आपली दोन्ही पिस्तुलं घेऊन जमा करायला निघाला, तेव्हा घरी येऊन मला म्हणाला, येतोस का सोबत? क्लबातले सगळे रांगेत असणार होते, सरकारला शिव्या घालत. मी नाही गेलो. त्यांना शिव्या घालायला सरकार होतं. माझं तर मीच देऊन बसलो होतो, माझ्याच भाषेतल्या दोन वाक्यांवर.